खोरासानी जडावाचं भांडं वाचायचं ते निखळलेल्या चांदीपासून

मध्ययुगीन इराणी जडावाचं भांडं समोर आलं की बहुतेक जण आधी लेबल वाचतात, मग चमकणाऱ्या चांदीचा फोटो काढतात आणि अक्षरं दिसली की "कुराणातली आयत असेल" असं वहीत लिहून पुढे जातात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या टिपणांपैकी बहुतेकांत हाच क्रम असतो आणि बहुतेकांत निष्कर्षही त्यामुळेच चुकलेला असतो. लेबल आधी वाचलं की डोळा फक्त लेबलातलंच शोधत राहतो. चांदी शाबूत असते तिथे काम झाकलेलं असतं. ती निखळते तिथे कारागिराचा हात उघडा पडतो, म्हणून सुरुवात तिथून करायची.

हा क्रम आहे १२व्या ते १५व्या शतकातल्या पितळी-काशाच्या भांड्यांसाठी, ज्यांत चांदी, तांबं किंवा सोनं ठोकून बसवलेलं असतं. "इराणी" म्हणजे आजच्या इराणच्या सीमा धरू नका. या कामाचं सर्वांत मोठं केंद्र, हेरात, आज अफगाणिस्तानात आहे आणि खोरासानातलंच (खोरासान म्हणजे इराणच्या ईशान्येकडचा जुना, विस्तीर्ण प्रांत) मर्व तुर्कमेनिस्तानात.

उदाहरण म्हणून एकच भांडं शेवटपर्यंत हाताशी ठेवू: सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातली बॉब्रिन्स्की बादली. हेरातचं काम, हिजरी ५५९. मराठी वाचकांपैकी फार थोडे तिथवर पोचतील, पण तिचे बारकाईने काढलेले फोटो सहज मिळतात आणि हा सगळा क्रम फोटोंवरही चालतो.

## तयारी: कपाटापाशी जाण्याआधी

एका वेळी एकच भांडं. त्यासाठी किमान पाऊण तास ठेवा. एका दुपारी वीस भांडी पाहणाऱ्याच्या वहीत वीस वेळा "सुंदर नक्षीकाम" एवढंच येतं.

सोबत पेन्सिल आणि बिनरेघी वही घ्या. बऱ्याच दालनांत शाईचं पेन चालत नाही. हाताशी असेल तर जवळचं स्पष्ट दाखवणारी छोटी दुर्बीण आणा, भिंगापेक्षा ती जास्त कामाची, कारण मध्ये काच असते. फ्लॅश बंद ठेवा. एक तर त्याला परवानगी नसते, आणि समोरून येणाऱ्या प्रकाशात चांदी व पितळ दोन्ही सारखीच पांढरी दिसतात.

वहीच्या एका पानावर भांड्याची बाह्यरेषा काढायला जागा सोडा. समोरच्या पानावर लांब आडवे पट्टे आखा. भांडं गोल, कागद सपाट. पोटाभोवतीचा प्रत्येक पट्टा उलगडून मांडायला ही जागा लागते.

फोटोंवरून काम करणार असाल तर ते आधी लावून घ्या: समोर, मागे, दोन्ही बाजू, वरून आत, बुडाखाली. बुडाचा फोटो नसेल तर पानावर तसं लिहून ठेवा, म्हणजे पुढे बुडाविषयी अंदाज ठोकायचा मोह होणार नाही.

सावध: चांदी हवेने काळवंडते आणि या भांड्यांच्या जमिनीत, म्हणजे आकृत्यांमागच्या पार्श्वभूमीत, मुळातच काळं भरण असतं. दोन्ही काळं दिसतं. डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. काळवंडलेल्या चांदीवर मंद झळाळी सरकते, भरण मात्र निर्जीव राहतं. ही खात्री झाल्याशिवाय "चांदी गेली आहे" असं लिहू नका.

## १. घाट

इथे पाच मिनिटं पुरेत. काठ, गळा, खांदा, पोट, बूड, तोटी, कान, कडी: प्रत्येक अवयव आहे की नाही ते लिहा आणि बाह्यरेषा काढा. नाव देताना अर्थ लादू नका. "पूजेचा कलश" किंवा "मद्यपात्र" अशी नावं पहिल्या पायरीवर टाळा, "कडी असलेली गोलसर बादली" पुरे.

या काळात वारंवार भेटणारे घाट: लेखणीची लांबट पेटी, घुमटीचं झाकण असलेली गोल दौत, उंच तोटीची पन्हाळीदार सुरई, रुंद बुडाचा शमादान, हात धुण्याचं तस्त, धूपपात्र. कलमदान, दौत, शमादान, तस्त हे शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले, त्यामुळे मराठी वाचकाला भांड्यांची नावं नव्याने शिकावी लागत नाहीत. १५व्या शतकातल्या तैमूरी हेरातचा लहान, गोल पोटाचा, सापासारख्या वळणाच्या ड्रॅगनचा कान असलेला चंबू इतका वेगळा दिसतो की एकदा पाहिला की विसरत नाही.

## २. अंग कसं घडलं

आता अंगाची धातू आणि घडण पाहायची. ओतलेलं भांडं जाड असतं, काठ भरीव असतो, आतली बाजू खडबडीत किंवा कातलेली असते. ठोकलेल्या पत्र्याचं भांडं पातळ असतं आणि आतून हातोडीचे ठसे दिसतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारलेलं भांडं हातात घेतलं असेल तर ते ठसे ओळखायला दुसरा धडा नको. खोरासानी सुरयांच्या पन्हाळ्या, खांद्यावर ओळीने बसलेले पक्षी आणि काही शमादानांवरच्या सिंहांच्या रांगा पत्र्यातून उठावाने काढलेल्या आहेत, वरून चिकटवलेल्या नाहीत. आतून पाहिलं की तिथे खळगा असतो.

पितळ की कांसं, हा वाद डोळ्यांनी सुटत नाही. त्या काळच्या ओतीव धातूत तांब्याबरोबर जस्त, कथील आणि शिसं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेलं सापडतं. वहीत "तांब्याचा मिश्रधातू, पिवळसर" किंवा "फिकट, रुपेरी झाक" एवढंच लिहा. कथील भरपूर असलेलं कांसं रुपेरी दिसतं.

तपासा: अंग पूर्ण काळं, मंद आणि करड्या झाकेचं आहे का? मग तुम्ही बहुधा बिदरी पाहत आहात. बिदरीचं अंग जस्ताचं, त्यात थोडं तांबं, आणि तो काळेपणा बीदरच्या मातीच्या लेपाने आणलेला असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बिदरीचे चांगले नमुने आहेत. ते आधी नजरेखालून घातले तर पुढे गल्लत होत नाही. जडावाची कल्पना सारखी असली तरी खोरासानी भांड्याचं अंग जस्ताचं नसतं आणि काळेपणा फक्त कोरलेल्या जमिनीत असतो.

## ३. निखळलेल्या जागा

घाई करणारे नेमकी हीच पायरी टाळतात. इथे किमान पंधरा मिनिटं थांबा.

आधी काम कसं होत असे ते डोळ्यापुढे आणा. कारागीर अंगावर आकृती रेखून घेई. बारीक रेषेसाठी छिन्नीने खाच पाडून त्यात चांदीची तार किंवा अरुंद पट्टी ठोकायची. मोठ्या आकारासाठी, म्हणजे चेहरा, अंगरखा, घोड्याचं धड यांसाठी, तेवढी जागा थोडी खोल करायची, कडा खडबडीत करायच्या किंवा आतल्या बाजूने खालून कापायच्या, त्या मापाचा चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा आणि कड वरून ठोकून पत्रा पकडून टाकायचा. डाग नाही, झाळ नाही. चांदी फक्त पकडीवर धरलेली असते, म्हणून कड झिजली की ती सुटते. पत्रा बसल्यावर त्याच्यावर डोळे, केस, कापडाच्या चुण्या, पिसं कोरली जात. आकृत्यांमधली जमीन खोल करून त्यात काळं, डांबरासारखं भरण दाबलं जाई, म्हणजे चांदी उठून दिसे.

हे कळलं की निखळलेली जागा बोलू लागते. दुर्बिणीतून तीन गोष्टी शोधा.

पहिली, खाचेचा तळ. त्यात टोच्याच्या टोकाच्या बारीक खुणा रांगेने असतील तर तिथे तार किंवा पट्टी होती.

दुसरी, मोठ्या जागेची कड. कडेने टोच्यांची एक-दोन रांगांची किनार आणि मधला भाग गुळगुळीत असेल तर पत्रा होता आणि तो कडेने धरलेला होता. कड खालून कापलेली असेल तर तिची बारीक सावली दिसते. फक्त या फरकावरून गाव ठरवू नका, एकाच भांड्यावर दोन्ही रीती सापडू शकतात.

तिसरी, तळावर आडव्या-उभ्या बारीक ओरखड्यांची दाट जाळी आहे का. जाळी असेल तर ही कोफ्तगारीची रीत आहे. पोलादी शस्त्रांवर ओरखड्यांना सोन्या-चांदीची तार नुसती दाबून बसवतात. ते वेगळं काम आहे.

यानंतर चेहऱ्यांकडे वळा, कारण सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक इथली आहे. मानवाकृतींचे चेहरे कोरे दिसतात आणि वहीत लगेच लिहिलं जातं, "मूर्तिभंजनासाठी चेहरे खरवडले." थांबा. डोळे-नाक चांदीवर कोरलेलं होतं. चांदी गेली की चेहरा तिच्याबरोबर गेला. त्याच आकृतीचे हात आणि अंगरखाही कोरे असतील तर कोणी काही खरवडलेलं नाही. मुद्दाम केलेले ओरखडे चांदीच्या कडेशी थांबत नाहीत, ते शेजारच्या पितळेवरही उतरतात आणि वेडेवाकडे असतात. हा फरक ठरवल्याशिवाय शतकानुशतकं वापरलेल्या एखाद्या घरावर आरोप करणं बरं नाही.

तपासा: झीज हाताच्या वाटेने झाली आहे का? कडी, खांदा, पोटाचा फुगीर भाग, बुडाची कड इथली चांदी आधी जाते. पकडीच्या जागी चांदी कोरी करकरीत आणि खोबणीत मात्र ती गेलेली, असं उलटं चित्र असेल तर पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढा. नववी पायरी त्याच्यासाठीच आहे.

## ४. किती धातू, कुठे

आता शाबूत भाग. आराखड्यावर खुणा करा: चांदी, तांबं, सोनं, काळं भरण. तांबं लालसर असतं, पण काळवंडलं की तपकिरी होऊन पितळेत मिसळून जातं, म्हणून ते हटकून सुटतं. बारीक किनारी आणि वस्त्रांचे छोटे तुकडे यांत ते शोधा.

ढोबळ आधार असा: चांदी आणि तांबं ही जोडी १२व्या आणि १३व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खोरासानाची. सोनं १३व्या शतकाच्या उत्तरार्धात, मंगोल इलखानी राजवटीत येतं आणि पुढे तांब्याची जागा घेतं. पण सीमारेषा कडक नाही. ब्रिटिश म्युझियममधल्या महमूद इब्न सुंकुरच्या १२८१च्या कलमदानावर तिन्ही धातू एकत्र आहेत.

सोन्याचा पिवळा आणि पितळेचा पिवळा यांत फसू नका. सोनं काळवंडत नाही. आजूबाजूचं पितळ मळकं आणि एखादा ठिपका स्वच्छ पिवळा, तर तो सोन्याचा असण्याची शक्यता मोठी.

## ५. पट्टे मोजा, मग उलगडा

वरून खाली किती आडवे पट्टे आहेत ते मोजा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. प्रत्येकात काय आहे ते एका शब्दात: अक्षरं, माणसं, पशू, वेलबुट्टी, गाठींची वीण. बॉब्रिन्स्की बादलीच्या पोटावर पाच पट्टे आहेत, तीन अक्षरांचे आणि त्यांच्यामध्ये दोन माणसांचे. एका चित्रपट्ट्यात मैफल, वाद्यं आणि सोंगट्यांचा पट मांडून बसलेले खेळाडू, दुसऱ्यात घोडेस्वार. शिवाय काठावर आणि कडीवर वेगळे लेख आहेत, ते या मोजणीत धरायचे नाहीत, पण नोंदवायचे आहेत.

पट्टा वहीत उलगडताना सुरुवातीची जागा ठरवून घ्या, उदाहरणार्थ कडीच्या उजव्या कानाखालून. कपाटाभोवती फिरता येत नसेल तर न दिसणारा भाग वहीत तितकाच रिकामा सोडा. तो कल्पनेने भरला की पुढची सगळी मोजणी बिघडते.

## ६. चित्रं: दरबार की आकाश

माणसं दिसली की "राजाच्या जीवनातले प्रसंग" असं लिहिलं जातं. आधी मोजा. आकृत्या गोलांत किंवा कमानींत बसवलेल्या असून त्यांची संख्या बारा असेल, तर त्या राशी आहेत का ते पाहा. सात किंवा आठ असतील तर ग्रह.

इथे मराठी वाचक इतर अनेकांच्या पुढे असतो. या भांड्यांवर रास एकटी येत नाही, तिचा स्वामी ग्रह तिच्याबरोबर असतो, आणि राशिस्वामींची वाटणी तीच, जी आपल्या पंचांगात आहे. सिंहाच्या पाठीशी सूर्याचं बिंब. खेकड्याजवळ चंद्राची चकती. मेंढ्यावर बसलेला शस्त्रधारी मंगळ. बैलावर बसून वाद्य वाजवणारा शुक्र. पण इथे तो पुरुष नाही, ती वादक स्त्री आहे. आपल्या शुक्राचार्यांना मनात धरलं की ही आकृती सुटते. कन्येच्या जागीही कन्या शोधू नका, कणसं कापणारी व्यक्ती शोधा, कारण अरबीत त्या राशीचं नावच "कणीस" आहे. मकरेवर शनी असतो, आणि ती मकर म्हणजे बोकड.

धनू सर्वांत मजेशीर. अर्धा माणूस, अर्धा पशू, आणि तो मागे वळून स्वतःच्याच शेपटीवर बाण रोखतो, कारण शेपटीच्या टोकाला ड्रॅगनचं डोकं असतं. हा ड्रॅगन म्हणजे जौझहर, ग्रहणं घडवणारा अदृश्य ग्रह. त्याचं डोकं आणि शेपूट म्हणजे आपले राहू आणि केतू. ग्रह सातऐवजी आठ मोजले जातात ते याच्यामुळे. मिथुनेच्या दोन आकृत्यांमध्ये काठीवर एक मुंडकं दिसतं, तेही त्याचंच.

पुढे सरावासाठी दोन भांडी: ब्रिटिश म्युझियममधलं "वासो व्हेस्कोव्हाली" नावाचं झाकणाचं पात्र, सुमारे १२०० सालचं, आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलंड संग्रहालयातला "वेड कप". दोन्हींवर राशी आहेत.

सावध: सिंहावर सूर्य दिसला की आधुनिक इराणचं जुनं राजचिन्ह आठवतं आणि भांडं "राजघराण्याचं" ठरवलं जातं. शेजारी कर्क आणि कन्या आहेत का पाहा. असतील तर ती फक्त सिंह रास आहे.

## ७. अक्षरं

एवढं झाल्यावरच लेखाकडे या. अरबी-फारसी लिपी येत नसेल तरी या पायरीचा अर्धा भाग जमतो.

आधी लिपीचा प्रकार. कोनदार, ताठ, कधी दांड्यांच्या गाठी मारलेली ती कूफी. वळणदार, वाहती ती नस्ख. तिसरा प्रकार खोरासानचा खास: नस्खच्या उभ्या दांड्यांना माणसांची मुंडकी, आणि त्याच्याही पुढे जाऊन संपूर्ण अक्षरच माणसांच्या धडांचं, हातात तलवारी-पेले घेतलेलं. बॉब्रिन्स्की बादलीवर गाठींची कूफी आणि माणसांची अक्षरं दोन्ही आहेत. नवखा माणूस या अक्षरांना चित्रपट्टा समजून पाचव्या पायरीत चुकीचं नाव देऊन बसतो. उभ्या माणसांच्या पायांना जोडणारी एक सलग आडवी रेषा खाली दिसली तर ती अक्षरं आहेत. मुंडकी झाका, फक्त तळरेषा आणि दांड्या वहीत उतरवा, मग शब्द सुटतात.

काय लिहिलेलं असतं? घरगुती वापराच्या बहुतेक भांड्यांवर आयत नसते. अरबी शुभेच्छांची माळ असते, साधारण अशी: "अल-इज्ज वल-इक्बाल वद-दौला वस-सलामा वस-सआदा... वल-बका लि-साहिबिही." मान, उत्कर्ष, भाग्य, सुखरूपपणा, सौख्य आणि दीर्घायुष्य याच्या धन्याला. प्रत्येक शब्दाआधी "वल" किंवा तिचंच रूप येतं, म्हणून दोन उंच दांड्या एकसारख्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसतात. त्या लयीवरूनच शुभेच्छांची माळ ओळखता येते. लिपी येणाऱ्याने आधी "अल-इज्ज" शोधावा, सुरुवात बहुधा तिथे असते.

हे शब्द आपल्याला परके नाहीत. इज्जत, दौलत, सलामत, साहेब आणि बाकी हे सगळे त्याच मुळांचे. मात्र मराठीतला अर्थ उलटा नेऊन चिकटवू नका. इथली "दौला" म्हणजे तिजोरीतली दौलत असं समजू नका, ते अनुकूल दैव आणि सत्ता. "बका" म्हणजे टिकून राहणं, उधारीची बाकी त्यात नाही.

माळेचा शेवट कधी शब्दाच्या मध्येच तुटतो. कारागिराची जागा संपली, एवढंच. तुटलेल्या अक्षरांतून गूढ अर्थ काढत बसलेली टिपणं मी पाहिली आहेत आणि त्यामागचे कष्ट पाहून वाईट वाटतं.

तपासा: "साहिबिही" म्हणजे "याचा धनी", नाव नाही. असं भांडं बहुधा बाजारासाठी बनलेलं. धन्याचं नाव कोरलेलं असेल तरच "अमक्यासाठी बनवलं" असं लिहा. वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयातल्या, शाजी या कारागिराने सही केलेल्या हिजरी ६०७च्या कलमदानावर मज्द अल-मुल्क अल-मुजफ्फर या वजिराचं नाव आहे. असे पुरावे मोजके असतात.

## ८. नाव आणि सन

सही पोटावर शोधू नका. काठ, कडी, झाकणाची आतली बाजू, बूड, कानाची मुळं इथे पाहा. बॉब्रिन्स्की बादलीवर तारीख कडीवर आहे आणि नावं काठावर.

सहीत कोणतं क्रियापद आहे त्यावरून कोणी काय केलं ते ठरतं. बादलीवर दोन कारागीर आहेत: "जर्ब" मुहम्मद इब्न अब्द अल-वाहिदची, म्हणजे भांडं त्याने घडवलं, "अमल" हाजिब मसऊद इब्न अहमदचा, हेरातच्या नक्काशाचा, म्हणजे जडाव त्याचा. नक्काश आणि आपली नक्षी एकाच घरच्या. दोन नावांना एक माणूस समजून जोडू नका. करवून घेणारा आणि ज्याच्यासाठी करवून घेतलं तोही वेगळा असतो. या बादलीवर तीही दोन वेगळी नावं आहेत.

नावामागचं गाव म्हणजे भांड्याचं गाव नाही. "अल-हरवी" म्हणजे हेरातकर, "अल-मौसिली" म्हणजे मोसूलकर. कोल्हापूरकर आडनावाचा माणूस नागपुरात जन्मलेला असतोच. मौसिली म्हणवणाऱ्या कारागिरांनी दमास्कस आणि कैरोतही काम केलं. गाव निश्चित करायला लेखातच तसं म्हटलेलं हवं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत असलेल्या, महमूद इब्न मुहम्मद अल-हरवीच्या हिजरी ५७७च्या सुरईवर फारसी कवितेतच हेरातचा उल्लेख आहे, तिथे शंका उरत नाही.

सन बहुधा शब्दांत असतो आणि एककापासून सुरू होतो: नऊ, पन्नास, पाचशे. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे पाठच असतं. "तिसा खमसैन" म्हणजे एकोणसाठ, हे शुहूर सनाचे (मराठी मोडी कागदांतल्या जुन्या कालगणनेचे) आकडे याच अरबी शब्दांचे. पण इथेच मोडीवाल्यांचा पाय घसरतो. इसवी सन काढायला सवयीने ते ५९९ किंवा ६०० मिळवतात. ती रीत शुहूर सनाची. भांड्यांवरचा सन शुद्ध चांद्र हिजरी असतो आणि त्याचं वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान.

साधा हिशेब: हिजरी सन गुणिले ०.९७, अधिक ६२२. हिजरी ६०७चे येतात १२१०.८, म्हणजे १२१०-११. बरोबर. हिजरी ५५९चे येतात ११६४.२, पण बादलीवर महिना मुहर्रम आहे, वर्षाचा पहिला, आणि तो पडतो डिसेंबर ११६३मध्ये. म्हणून या हिशेबाने एक वर्ष इकडेतिकडे धरा आणि महिना दिला असेल तर तारखांच्या कोष्टकावरून पक्कं करा. ५९९ मिळवणाऱ्याला याच बादलीसाठी ११५८ मिळालं असतं.

## ९. नंतरचे हात

तिसऱ्या पायरीत काढलेली प्रश्नचिन्हं आता तपासायला घ्या. भांडी शतकानुशतकं वापरात होती, दुरुस्त झाली, विकली गेली. शोधायचं ते हे: झाकण आणि पोट यांच्या पट्ट्यांची शैली जुळते का, तोटी किंवा कान नंतर झाळलेला आहे का, जुन्या लेखावर दुसऱ्या हाताने धन्याचं नाव ओबडधोबड खरडलेलं आहे का. असं खरडलेलं नाव म्हणजे नुकसान समजू नका, ते भांड्याच्या पुढच्या आयुष्याचं कागदपत्र आहे. ते वेगळ्या रंगाने नोंदवा.

चांदी खूप जाड, सगळीकडे एकसारखी, काळं भरण चकचकीत, आणि टोच्यांच्या खुणा कुठेच नाहीत, असं असेल तर चांदी पुन्हा बसवलेली असू शकते. किंवा भांडंच १९व्या-२०व्या शतकातलं असेल. कैरो आणि दमास्कसमध्ये त्या काळात जुन्या धर्तीचं जडावकाम मोठ्या प्रमाणात झालं.

## १०. स्थळ, काळ आणि मग लेबल

आता निष्कर्ष, तोही पेन्सिलीने. प्रत्येक दाव्यापुढे त्याच्या पायरीचा क्रमांक लिहा. "खोरासान, १२वं शतक अखेर: ३, ४, ७" असं. ज्याच्यापुढे क्रमांक येत नाही तो दावा खोडा.

शेजारच्या प्रांतांशी होणारी गल्लत इथे तपासा. ब्रिटिश म्युझियममधल्या "ब्लाकास" नावाच्या सुरईचा जडाव पाहून खोरासान आठवेल, पण त्यावर १२३२ सन आणि मोसूलचं नाव स्पष्ट कोरलेलं आहे. लूव्र संग्रहालयातलं, "सेंट लुईचं बाप्तिस्मापात्र" म्हणून ओळखलं जाणारं तस्त मुहम्मद इब्न अल-झैनचं, इजिप्त-सीरियातल्या ममलूक राजवटीतलं, इराणी नव्हे. १४व्या शतकातल्या शिराजकडच्या भांड्यांवर मात्र एक खास खूण भेटते: "सुलेमानाच्या राज्याचा वारस" हे फार्सच्या (शिराजभोवतीच्या प्रांताच्या) शासकांचं बिरुद. ते सापडलं तर फार्सच्या बाजूने वजन टाका.

हेरातवर १२२१-२२मध्ये मंगोलांचा घाला पडला आणि शहर उजाड झालं. त्यामुळे "हेरात, १२३०" असा निष्कर्ष निघत असेल तर पुन्हा आठव्या पायरीवर जा.

शेवटी लेबल. तुमच्याशी जुळलं तर संग्रहालयाचा नोंदक्रमांक पानाच्या कोपऱ्यात लिहा. जुळलं नाही तर आपलं खोडू नका. दोन्ही शेजारी ठेवा, कोणत्या पायरीपासून वाट वेगळी झाली ते शोधा आणि त्या एका पायरीसाठी पुन्हा काचेसमोर उभे राहा, बहुधा तिसऱ्या.